चिपळूणचा गाळ: २२ जुलै २०२१ च्या पुराचं प्रकरण

२२ जुलै २०२१ च्या पहाटे मामीचा फोन आला, मी पुण्यात होते, झोपेतच उचलला, आणि ती एवढंच म्हणाली, "अगं पाणी जिन्याच्या सातव्या पायरीला लागलंय, आम्ही वर आहोत, बॅटरी संपेल म्हणून आत्ताच सांगते." त्यानंतर दीड दिवस त्यांचा फोन लागला नाही. मामाचं किराणा दुकान चिंचनाक्याच्या आतल्या गल्लीत, वरच्या मजल्यावर घर, आजी तेव्हा ८१ वर्षांची आणि तिला जिना उतरायला दोघं लागायचे. तो दीड दिवस मी काय केलं हे आता नीट आठवतही नाही, चिपळूणच्या प्रत्येक ग्रुपमध्ये मेसेज टाकत होते, कोणाच्या तरी स्टेटसला आपली गल्ली दिसते का बघत होते, आणि दिसायचं काय तर तपकिरी पाणी आणि त्यातून वर आलेले दुकानांचे बोर्ड.

घरातली तिघंही वाचली म्हणून आज मी हे शांतपणे लिहू शकतेय. मी सिव्हिल डिप्लोमा केलेली, साइटवर काम करते, पाण्याचा निचरा हा माझ्या रोजच्या कामातला विषय, आणि तरी या पुराबद्दल ज्याला विचारावं तो वेगळंच कारण सांगतो, कोणी म्हणतं ढगफुटी, कोणी म्हणतं कोयनेने पाणी सोडलं, कोणी म्हणतं नदी गाळाने भरली, कोणी म्हणतं नदीकाठच्या बिल्डिंगांनी वाट लावली. चार वर्षं मी हे सगळं गोळा करत बसलेय, माझ्या कुवतीप्रमाणे समजून घेतलंय, आणि हे प्रकरण पहिल्यापासून शेवटपर्यंत एका ठिकाणी लिहायचं होतं.

आधी त्या दिवसाचं. आषाढी एकादशी झाली होती २० ला, बकरी ईद २१ ला, म्हणजे गावात दोन्हीकडे सणाचे दिवस होते आणि कोविडची दुसरी लाट नुकती ओसरत होती, दुकानदारांनी दीड वर्षाच्या लॉकडाऊननंतर हिंमत करून माल भरला होता. २१ च्या रात्री पाऊस थांबायचं नावच घेईना. कोकणातल्या माणसाला पावसाची भीती नसते, चिपळूणला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या पुढेमागे पाऊस पडतो, त्यामुळे रात्री अकराला मामाने दुकानाच्या दाराशी पोत्यांचा बांध घातला आणि झोपला. तीन-साडेतीनला खालून पत्र्याचे डबे एकमेकांवर आपटल्याचा आवाज आला. तेलाचे डबे तरंगायला लागले होते.

सकाळपर्यंत बाजारपेठ, पेठमाप, मुरादपूर, शंकरवाडी, खेर्डी, सगळं पाण्यात. काही भागांत तळमजला पूर्ण बुडाला. वीज गेली, टॉवर गेले. एका कोविड हॉस्पिटलमध्ये वीज बंद पडल्यावर आठ पेशंट दगावले, ही बातमी वाचल्यावर मी फोन बाजूला ठेवून दिला होता. महामार्गावरचा वाशिष्ठी नदीचा जुना पूल खचला, कोकण रेल्वे थांबली, वेगवेगळ्या गाड्यांमध्ये मिळून सहा हजारांच्या आसपास प्रवासी अडकले. रस्ते तुटल्यामुळे एनडीआरएफच्या टीमनाही पोचायला वेळ लागला, तोवर गोवळकोट, पेठमापच्या पोरांनी होड्या, ट्यूब, थर्माकोलचे तराफे जे हाताला लागलं त्यावरून माणसं काढली. मामाच्या समोरच्या घरातल्या बाळंतिणीला तिसऱ्या गल्लीतल्या मुलांनी ईदच्या मंडपाच्या बांबूंवर काढली, हे आजी आजही येईल त्याला सांगते.

त्याच दिवशी महाडजवळ तळीयेला डोंगर कोसळला, ऐंशीहून जास्त माणसं गेली, खेड तालुक्यात पोसऱ्याला १७ गेली. हे मुद्दाम लिहितेय कारण या घटना वेगवेगळ्या बातम्या म्हणून छापल्या गेल्या पण तो एकच पाऊस होता आणि एकच डोंगररांग.

आता दुकान. २३ ला पाणी उतरलं, मी २५ ला पोचले, कुंभार्ली घाटातून, मध्ये दोनदा थांबावं लागलं. दुकानात शिरले तेव्हा मला वाटलं होतं की सगळं भिजलेलं दिसेल. भिजलेलं काहीच दिसत नव्हतं कारण सगळ्यावर गाळ होता. गुडघ्याच्या वर, लाल, लोण्यासारखा मऊ, आणि फावडं घातलं की सोडायचाच नाही. साखरेची पोती विरघळून रिकामी झालेली आणि त्या रिकाम्या पोत्यांत गाळ भरलेला. तांदळाला दुसऱ्या दिवसापासून आंबट वास सुटला होता. मामाची उधारीची वही मी उघडली तर प्रत्येक पानाच्या मध्ये एक एक पातळ लाल थर, इतका बारीक की बोटाला हळदीसारखा लागायचा. मी ती वही तशीच वाळवली, अजून माझ्याकडे आहे, पानं उलटली की खालती लाल पूड पडते.

भिंतीवर मामाने ऑइलपेंटने एक रेघ मारलेली, "२६/७", म्हणजे २००५ च्या पुराची. तेव्हाही चिपळूण बुडालं होतं, मुंबईच्या बातमीखाली आमची बातमी दबली एवढंच. त्या रेघेच्या दोन फूट वर त्याने पोटमाळा बांधून घेतला होता, महाग माल सगळा तिथे, कारण हिशोब सोपा होता की एवढं पाणी आयुष्यात एकदा येतं आणि ते येऊन गेलं. २०२१ चं पाणी पोटमाळ्याच्या फळीच्या दीड फूट वर गेलं. गावातल्या बहुतेक दुकानदारांनी २००५ ची खूण धरूनच तयारी केली होती आणि ती खूणच चुकीची ठरली. लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर, १८६४ चं वाचनालय, २००५ ला पुस्तकं गेली, परत जमवली, २०२१ ला परत हजारो पुस्तकं चिखलात. ज्यांनी शिकून तयारी केली त्यांनाही मार बसला म्हणून मला हे प्रकरण निष्काळजीपणाचं म्हणून सोडून देता येत नाही.

मग कारणं. पहिलं आभाळ.

२२-२३ जुलैच्या २४ तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. पुण्याचा अख्ख्या वर्षाचा पाऊस साधारण सातशे-साडेसातशे, म्हणजे पुण्याच्या वर्षातला बहुतेक पाऊस महाबळेश्वरला एका दिवसात. महाबळेश्वरचं पश्चिमेचं पाणी आमच्याकडे येत नाही, ते सावित्रीतून महाडला जातं, आणि महाडही त्याच दिवशी बुडालं. पण त्याच रांगेत दक्षिणेला आमची वाशिष्ठी उगवते, पाऊसही तोच. आता हा पाऊस क्लायमेट चेंजने आला का असं कोणी विचारलं की मी एवढं सांगते: अरबी समुद्राचं पृष्ठभागाचं तापमान चार दशकांपूर्वीच्या तुलनेत १.२ ते १.४ अंशांनी वाढलंय. हवा एक अंश गरम झाली की साधारण ७ टक्के जास्त बाष्प धरून ठेवते. आणि पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या भागावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या, आणि तेही त्याच काळात तिथला एकूण मान्सून कमी होत असताना. म्हणजे पूर्वी आठवडाभर रिपरिप पडून जे पाणी यायचं ते आता एका रात्रीत येतं आणि मधले दिवस कोरडे. आजी हे कुठलाही पेपर न वाचता सांगते, "आता सतत धार नसते गो, ओतल्यासारखा येतो नि जातो." तिच्या लहानपणी मृगात सुरू झालेला पाऊस भाताच्या लावणीला धरून राहायचा, आता लावणीला पाऊस नाही आणि कापणीला पाऊस आहे, हे तिचं रोजचं गाऱ्हाणं.

म्हणून मामाची रेघ चुकली. मागच्या पावसावरून काढलेला अंदाज पुढच्या पावसाला लागू पडत नाही. सरकारी पूररेषेचंही हेच, निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा, आणि आमच्या गावात १६ वर्षांच्या आत दोन वेळा असा पूर आला की म्हातारी माणसं दोन्हींची तुलना करत बसतात. या रेषा नकाशावर आल्या तेव्हा शहराचा मोठा भाग त्यात आला, बांधकाम परवानग्या अडकणार म्हणून लोकांनी विरोध केला, आणि मला लोकांचा राग समजतो, पिढ्यान्पिढ्याची जागा आहे, ती एका रेघेने कवडीमोल होते. पण पाणी नकाशा बघून येत नाही हेही तितकंच खरं.

दुसरं, भरती. वाशिष्ठी ही काही साधी नदी नाही, कुंभार्लीच्या आसपासच्या कड्यांवरून शेकडो मीटर एका दमात खाली येते आणि चिपळूणला पोचली की एकदम सपाट, गोवळकोटपासून पुढे तर दाभोळची खाडीच सुरू, भरती-ओहोटीचं पाणी. २४ जुलैला पौर्णिमा होती, म्हणजे २२ ला उधाण चढतीवर होतं. वरून लोंढा आणि समोरून समुद्र, नदीने पाणी टाकायचं कुठे. भरतीत पाणी अडतं आणि ओहोटी लागली की उतरतं हे आमच्याकडे शेंबड्या पोराला माहिती असतं, भरती किती वाजता आहे हे बघूनच लोक गाडी उंचावर लावायची का ठरवतात.

तिसरं कोयना, आणि इथे आवाज चढतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कोयना धरण घाटावर, तिचं पाणी खरं म्हणजे कृष्णेत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळणारं. साठच्या दशकापासून त्यातलं पाणी बोगद्यातून सह्याद्रीच्या पोटातून पोफळीला खाली सोडून वीज करतात, ते कोळकेवाडीच्या धरणात येतं, तिथून अलोऱ्याला परत वीज, आणि मग उरलेलं पाणी, आम्ही त्याला अवजल म्हणतो, वाशिष्ठीत. कृष्णा लवादाने पश्चिमेला वळवायला वर्षाला ६७.५ टीएमसी मर्यादा ठेवलीय. एक टीएमसी म्हणजे २,८३१ कोटी लिटर, गुणाकार तुम्हीच करा. पुढे चौथ्या टप्प्यासाठी १९९९ आणि २०१२ ला लेक टॅपिंग, म्हणजे धरणाच्या पाण्याखाली तळाला भोक पाडून पाणी बोगद्यात घेणं, झालं, टीव्हीवर दाखवलं होतं, मी शाळेत होते, आम्हाला इतका अभिमान वाटला होता. महाराष्ट्राला वीज मिळाली, उन्हाळ्यातही आमची नदी वाहती राहिली, लोट्याच्या एमआयडीसीला पाणी मिळालं, हे सगळं खरं आणि मी ते नाकारणार नाही.

पण एका खोऱ्याची नदी साठ वर्षं दोन खोऱ्यांचं पाणी वाहतेय. त्या रात्री कोळकेवाडीतून किती पाणी कुठल्या तासाला आलं यावर गावात आजही भांडणं होतात आणि मी इथे कोणावर बोट ठेवत नाही. माझं म्हणणं साधं आहे, ज्या नदीत माणसाने बाहेरचं पाणी आणून सोडलंय त्या नदीच्या काठच्या माणसाला दर तासाचा विसर्ग त्याच्या मोबाईलवर दिसला पाहिजे. मामाच्या फोनवर पावसाचा अलर्ट होता, पाऊस येणार हे त्यालाही दिसत होतं, पण तीन वाजता गल्लीत किती फूट पाणी असेल हे सांगणारं काही नव्हतं.

आणि आता गाळ. माझ्या मते या प्रकरणाचा गाभा हाच आहे, बाकी सगळी कारणं याच्यापाशी येऊन मिळतात.

गोवळकोटच्या धक्क्याला एके काळी गलबतं लागायची. मी लहानपणी मे महिन्यात बाजारपुलावरून खाली बघायचे तेव्हा पाणी हिरवं-काळं आणि खोल, मगरी दिसायच्या. २०२१ च्या आधीच्या उन्हाळ्यात त्याच पुलावरून मला नदीच्या मध्ये बेटं दिसली होती, त्यावर गवत, झुडपं, एकावर म्हशी चरत होत्या. मी त्याचा फोटोसुद्धा काढला, छान दिसतंय म्हणून. सिव्हिलवालीला तेव्हाच कळायला हवं होतं.

साधा हिशोब सांगते. समजा नदीचं पात्र पाच मीटर खोल आहे आणि त्यात दोन मीटर गाळ बसला. कोणालाही वाटेल की पाणी वाहून न्यायची ताकद ४० टक्के कमी झाली. पण पाणी उथळ झालं की तळाशी घासून त्याचा वेगही कमी होतो, म्हणून रुंदी आणि उतार तोच ठेवला तरी ताकद साधारण ५७ टक्के कमी होते. निम्म्याहून जास्त नदी गायब. वरून नदी तेवढीच रुंद दिसते, त्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही. त्यात शिवनदी गावातून वाहते ती दोन्ही बाजूंनी भराव टाकून नाल्याएवढी केलेली, जुनी शेतं, पाणथळ जागा मुरूम टाकून उंच केलेल्या, पाणी पसरायला जागाच ठेवली नाही.

हा गाळ येतो कुठून? वहीतल्या त्या लाल पुडीनेच मला हा प्रश्न विचारायला लावला. ती वाळू नव्हती, किनाऱ्याची नव्हती, ती डोंगरावरची जांभ्याची माती होती.

रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी जंगल अगदी थोडं, बहुतेक जंगल मालकीचं, सातबाऱ्यावरचं. वृक्षतोडीचा कायदा १९६४ चा आहे, परवानगी काढून झाडं तोडता येतात, आणि घरटी माणसं मुंबईला, गावात म्हातारे, पैशाची नड, ठेकेदार येतो, अख्ख्या डोंगराचा एकरकमी सौदा करतो. ऐन, किंजळ, जांभूळ, जे असेल ते, उभं जंगल एका मोसमात आडवं. मालकाच्या हातात किती पडतात ते विचारू नका, लाकडाच्या वजनापुढे ते काहीच नसतं. मग काही ठिकाणी जेसीबी लावून टप्पे पाडतात, काजू-आंबा लावतात, आणि ती कलमं मोठी होईपर्यंत चार-पाच पावसाळे माती उघडी. जंगलात पावसाचा थेंब आधी पानावर पडतो, मग फांदीवरून, मग कुजक्या पानांच्या गादीवर, आणि मग हळूहळू मुरतो, झऱ्यातून मार्चपर्यंत येत राहतो. उघड्या उतारावर तोच थेंब सरळ मातीवर आपटतो आणि मातीला घेऊन पळतो. पाणी पण एकदम खाली, माती पण एकदम खाली. म्हणजे एका तोडीने दोन नुकसानं, पूर मोठा झाला आणि पुराला वाहून न्यायची नदी लहान झाली. त्यात रस्त्यांसाठी उभे कापलेले डोंगर, परशुराम घाटात दर पावसाळ्यात माती खाली येते ते सगळ्यांनी बघितलंय. आणि डोंगरावरून सुटलेली माती सपाटीवर वेग कमी झाला की बसते, भरतीचं पाणी समोर आलं की तर हमखास बसते, आणि ती जागा म्हणजे नेमकं चिपळूण.

२०२३ च्या मार्चमध्ये मी मामाला घेऊन वर गेले, घाटाच्या पायथ्याच्या एका वाडीत त्याचा जुना गिऱ्हाईक राहतो, तोडलेला डोंगर बघायचा होता. वाडीचं नाव लिहीत नाही, त्या माणसाला उगाच त्रास नको. उतारावर नुसते बुंधे, मधून पाण्याने कापलेल्या घळी, एका घळीत मी उभी राहिले तर माझ्या कमरेएवढी खोल. तो माणूस म्हणाला, "ताई, मीपण विकला, मुलीचं लग्न होतं. आता खालची विहीर फेब्रुवारीत आटते, आधी मेपर्यंत पुरायची." मामा काही बोलला नाही. त्याने वाकून घळीतली माती उचलली, दोन बोटांत चोळली, आणि माझ्याकडे बघितलं. तीच माती. दुकानातून आम्ही अकरा ट्रॉल्या भरून बाहेर काढली होती ती.

मला त्या माणसाचा राग आला नाही आणि कोणी त्याला दोष दिला तर मला ते पटणारही नाही. जंगल उभं ठेवल्याबद्दल त्याला आजवर कोणी एक रुपया दिलेला नाही, तोडल्याबद्दल मात्र रोख मिळाले, आणि खालच्या शहराचं जे नुकसान झालं त्याचा आकडा त्याच्या सौद्यापुढे किती तरी पट मोठा आहे. पुरानंतर सरकारने राज्याला ११,५०० कोटींचं पॅकेज जाहीर केलं, दुकानदारांना ५० हजारांपर्यंत मदत, मामाचा गेलेला माल १४ लाखांचा, विमा नव्हता. यातला थोडा पैसा आधीच वरच्या वाड्यांना जंगल राखायला मिळाला असता तर, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

यावर कोणी आधी बोललं नव्हतं असंही नाही. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळांच्या समितीने २०११ मध्ये अख्ख्या पश्चिम घाटाला संवेदनशील म्हटलं, तीन झोन पाडले आणि निर्णय वरून लादू नका, ग्रामसभांना विचारा असं सांगितलं. मग २०१३ ला कस्तुरीरंगन समितीने ते ३७ टक्क्यांवर आणलं. मग २०१४ पासून संवेदनशील क्षेत्र जाहीर करायच्या अधिसूचनेचे केंद्राचे मसुद्यावर मसुदे, सहावा आला ३१ जुलै २०२४ ला, त्यात महाराष्ट्राचं १७,३४० चौरस किलोमीटर. आमच्याकडे या सगळ्याची चर्चा एकाच वाक्यात व्हायची, "आता घराला चिराही काढता येणार नाही." अहवालात खरं काय लिहिलंय ते मराठीत, वाडीवर बसून, कोणी वाचून दाखवलं नाही. भीती मात्र घरोघर पोचली.

पुरानंतर काय झालं तेही सांगायला हवं, कारण चिपळूणचे लोक रडत बसले नाहीत. चिपळूण बचाव समिती उभी राहिली, व्यापारी, डॉक्टर, वकील, रिक्षावाले, सगळ्या पक्षांचे, डिसेंबर २०२१ मध्ये साखळी उपोषण सुरू झालं, मामासुद्धा दोन दिवस बसला, आयुष्यात पहिल्यांदा कुठल्या आंदोलनात. मागणी एकच, नदीतला गाळ काढा. आणि गाळ निघाला, जलसंपदाची मशिनरी, नाम फाउंडेशनची मदत, २०२२ च्या उन्हाळ्यात नदीत पोकलेन दिसायला लागले, ती म्हशी चरणारी बेटं कापली गेली. त्यानंतर पाणी रस्त्यावर आलं, पण २०२१ सारखं आलेलं नाही, आणि गाळ काढल्याचा फायदा झाला असं मला मनापासून वाटतं, पात्राची ताकद वाढली की पाणी उतरणारच.

पण काढलेला गाळ टाकायचा कुठे हा प्रश्न लगेच आला, काही तर काठाजवळच टाकला, तो पुढच्या पावसात परत आत. आणि डोंगरावरून नवा येणं चालूच आहे. एका बाजूने पोकलेन काढतंय, दुसऱ्या बाजूने डोंगर भरतोय, याला डिझेल किती दिवस पुरणार. मी तर म्हणते गाळ काढायच्या बजेटमधला ठरावीक हिस्सा वरच्या उतारांवर खर्च झाला पाहिजे, घळींना दगडी बांध, उघड्या उतारांवर गवत आणि स्थानिक झाडं, आणि मालकीचं जंगल राखणाऱ्या कुटुंबाला दरवर्षी ठरलेली रक्कम. पाणलोटात तोडीची परवानगी देताना उताराचा कोन आणि खालची नदी बघायलाच हवी, आज फक्त सातबारा आणि झाडांची संख्या बघतात. आणि पात्राचे क्रॉस सेक्शन, म्हणजे या काठापासून त्या काठापर्यंतचे आडवे छेद, दरवर्षी मे आणि नोव्हेंबरमध्ये मोजून नगरपरिषदेच्या बोर्डावर लावा, म्हणजे एका पावसाळ्यात किती गाळ आला हे शाळेतल्या पोरालाही कळेल. हे काही अवघड काम नाही, एक बोट, एक लेव्हल मशीन आणि तीन माणसं, मी स्वतः सुट्टी टाकून यायला तयार आहे आणि हे मी समितीतल्या ओळखीच्या लोकांना सांगून ठेवलंय.

मामाने दुकान विकलं नाही. विकायचं ठरवलं होतं, गिऱ्हाईकच आलं नाही, मग त्याने घरातलीच एक खोली रिकामी केली, आजीची, आणि तिला आतल्या खोलीत हलवलं. आता १५ मे उजाडला की डाळी, साखर, तेल, सगळं त्या खोलीत वर जातं, खाली चार दिवसांचा माल ठेवतो, रोज सकाळी जिन्याने खाली आणायचा, रात्री परत वर. गणपती झाले की सगळं खाली येतं. वय ६३, गुडघे दुखतात. भिंतीवर नवीन रेघ मारलीय, "२२/७", छताच्या खाली हातभर अंतरावर, आणि तिच्यावर रेघ मारायला आता जागा उरलेली नाही. मे महिन्यात मी जाते तेव्हा पोती वर चढवायला मदत करते, ३० किलोचं एक, जिन्याच्या १९ पायऱ्या, सातव्या पायरीवर दोघंही न ठरवता दम घ्यायला थांबतो.